नीतीच्या कल्पना बदलतात म्हणजे नेमके काय बदलते: वैद्यकाच्या इतिहासातून एक उत्तर

प्रश्न नवी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांचा आहे. गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावरील त्यांच्या प्रबंधाचा आराखडा नैतिकता समितीने दुरुस्तीसाठी परत पाठवला, कारण संमतिपत्रावर फक्त पती किंवा सासू यांच्या सहीची जागा ठेवलेली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पन्नास वर्षांपूर्वी हा मुद्दा कोणी काढलाच नसता आणि पन्नास वर्षांनी नियम पुन्हा बदललेले असतील, मग नीती ही ज्या त्या काळाची रीत असेल, तर आजच्याच रीतीला एवढे वजन का द्यायचे? आणि रुग्णाला कर्करोगाचे नाव न सांगणारे मागच्या पिढीतील नामांकित डॉक्टर अनैतिक होते, असे म्हणायचे का?

मी ठाण्यात दीर्घकाळ वैद्यकीय व्यवसाय केला आहे आणि नवी मुंबईतील एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर काम करतो. हा प्रश्न आमच्या बैठकांत वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. माझे मत आधीच सांगतो. वैद्यकाच्या इतिहासात दया, सचोटी, रुग्णाचे हित ही मूल्ये फारशी बदललेली नाहीत. ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांतही ठळकपणे सापडतात. बदलले ते एवढेच की ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे त्याला विचारायचे की त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला. हा बदल बहुतेक वेळा नवे तत्त्व कोणाला सुचले म्हणून झाला नाही. ज्यांना विचारले गेले नव्हते त्यांचे नुकसान उघड झाले, तेव्हा तो झाला.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य शिष्याला जो उपदेश करतात तो मुळातून वाचावा. रात्रंदिवस रुग्णाच्या आरोग्यासाठी झट, स्वतःच्या जिवावर बेतले तरी रुग्णाशी द्रोह करू नको, त्याच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नको, असे त्यात बजावले आहे. यातील एकही वाक्य आजच्या आचारसंहितेतून काढावे लागणार नाही. मात्र त्याच उपदेशात असेही आहे की राजाच्या मर्जीतून उतरलेल्यांवर आणि ज्यांच्याजवळ पती किंवा पालक उपस्थित नाही अशा स्त्रियांवर उपचार करू नयेत, आणि रुग्णाचे आयुष्य संपत आले आहे हे कळले तरी जिथे ते सांगितल्याने त्याला किंवा इतरांना धक्का बसेल तिथे ते बोलू नये. सुश्रुतसंहितेतील मूढगर्भाचे प्रकरण तर तुमच्या आराखड्याशी थेट संबंधित आहे. अडलेल्या बाळंतिणीवरील शस्त्रक्रिया अत्यंत जोखमीची असल्याने ती अधिपतीला विचारून करावी, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे धोकादायक उपचारापूर्वी परवानगी घेतली पाहिजे ही जाणीव पक्की होती, पण ती परवानगी त्या स्त्रीच्या धन्याकडे मागितली जात होती. तुमच्या संमतिपत्रावरील पतीच्या सहीची ओळ या परंपरेतून आलेली आहे; ती तुम्ही नव्याने शोधलेली नाही.

पश्चिमेकडेही चित्र फार वेगळे नव्हते. हिपोक्रेटिसच्या नावे चालत आलेल्या शपथेत गुप्तता आहे, विष न देण्याचे वचन आहे, पण रुग्णाला विचारण्याचा उल्लेख नाही. १८४७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपली पहिली आचारसंहिता केली. तिच्यात रुग्णाचीही कर्तव्ये सांगितली होती, आणि त्यांतील एक असे की वैद्याच्या आज्ञेचे पालन त्याने तत्काळ आणि निमूटपणे करावे.

आता कर्करोगाचे नाव लपवण्याविषयी. १९६१ साली शिकागोतील डॉक्टरांच्या एका प्रसिद्ध पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी सांगितले की निदान रुग्णाला न सांगण्याकडेच त्यांचा कल असतो. १९७९ साली तशाच प्रश्नावलीला अमेरिकन डॉक्टरांनी उत्तरे दिली तेव्हा सुमारे ९७ टक्के जणांचा कल सांगण्याकडे होता. अठरा वर्षांत एका व्यवसायाची सवय इतकी उलटावी, हे तुमच्या शंकेला बळ देणारे वाटेल. पण या अठरा वर्षांत काय घडले ते पाहा. उपचार वाढले, त्यामुळे निदान म्हणजे मृत्यूचा निकाल असे समीकरण सैल झाले. उपचारांचे पर्याय एकाहून अधिक झाले, त्यामुळे निवड करण्यासाठी रुग्णाला माहिती लागू लागली. आणि संशोधनातील गैरप्रकार उघडकीला आल्याने डॉक्टरांवरचा आंधळा विश्वास टिकला नाही. या तिन्ही कारणांची तपासणी करता येते, त्यांच्यावर वाद घालता येतो. कपड्यांची तऱ्हा बदलते तेव्हा अशी कारणे देता येत नाहीत.

मागच्या पिढीतील त्या डॉक्टरांना मी अनैतिक म्हणणार नाही. रुग्णाला धक्का बसू नये ही त्यांची इच्छा खरी होती, आणि त्या काळी त्यांच्या हातात देण्यासारखे थोडेच होते. तरीही ती पद्धत चूक होती, असे मी निःसंदिग्धपणे म्हणेन, कारण तिच्यामुळे अनेक माणसे आपल्या शेवटच्या महिन्यांविषयी काहीच ठरवू शकली नाहीत. व्यवहार अपुरे राहिले, कोणाशी बोलायचे होते ते बोलणे राहून गेले. पद्धत चूक असणे आणि ती पाळणारा माणूस दोषी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि इतिहासाचा विचार करताना त्यांची गल्लत केली की आपण एक तर पूर्वजांवर अन्याय करतो, नाहीतर त्यांच्या चुकांना सांभाळून घेतो.

ठाण्याच्या वॉर्डात आजही मुलगा बाहेर गाठून सांगतो, “डॉक्टर, बाबांना काही सांगू नका.” त्याचा हेतू मायेचा असतो. अशा वेळी मी मुलाशी वाद घालत नाही, रुग्णालाच विचारतो, “काका, तपासण्यांचे निकाल आले आहेत. सगळे तुम्हाला सांगू, की तुमच्या मुलाशी बोलू?” काही जण स्वतः ऐकायचे म्हणतात, काही जण सरळ सांगतात की मुलाशीच बोला. दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, कारण न ऐकण्याचा निर्णयही त्यांनीच घेतलेला असतो. आपली कुटुंबपद्धती वेगळी आहे म्हणून रुग्णाला विचारण्याची कल्पना इथे बसत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा साधा प्रश्न एकदा विचारून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

आपल्या भागाच्या इतिहासात न विचारण्याचे परिणाम सर्वांत ठळकपणे दिसले ते प्लेगच्या साथीत. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागात प्लेगचे निदान केले, आणि १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. त्या कायद्याने सरकारला रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचे आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचे जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. साथ खरी होती, धोका खरा होता, आणि रोग आटोक्यात आणण्याचा हेतूही खोटा नव्हता. पण घराघरांत शिरून केलेल्या झडत्या आणि जबरदस्तीने हलवलेले रुग्ण यांमुळे लोक आजारी माणसांना लपवू लागले. १८९६ च्या ऑक्टोबरमध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. पुढे जून १८९७ मध्ये पुण्यात रँडची हत्या झाली, आणि मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल उसळली, त्यानंतर सरकारला सक्ती सैल करावी लागली. त्याच साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि मग भायखळा तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना दिली. स्वतःवर प्रयोग करणे ही त्या काळच्या संशोधकाच्या सचोटीची उच्च कसोटी होती. पण कैद्याचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न तेव्हा विचारला जात नव्हता. आज आमच्या समितीपुढे तो सर्वांत आधी येतो.

इथे एका गैरसमजाविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. संमतीची कल्पना १९४७ साली नाझी डॉक्टरांवरील न्यूरेंबर्ग खटल्याच्या निकालातून जन्माला आली, असे पाठ्यपुस्तकांत सर्रास लिहिलेले असते. ते खरे नाही, आणि खरी हकीकत अधिक अस्वस्थ करणारी आहे. तेव्हा जर्मनीच्या प्रशिया राज्यात असलेल्या ब्रेस्लाऊचे प्रख्यात त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट नायसर यांनी उपदंशाच्या रुग्णांपासून काढलेले रक्तद्रव्य, दुसऱ्या आजारांसाठी दाखल झालेल्या मुलींना आणि वेश्याव्यवसायातील स्त्रियांना, त्यांना काहीही न सांगता टोचले होते. प्रकरण वर्तमानपत्रांत आणि प्रशियाच्या विधिमंडळात गाजले, नायसर यांना दंड झाला, आणि डिसेंबर १९०० मध्ये प्रशियाच्या सरकारने आदेश काढला की उपचाराशी संबंध नसलेले प्रयोग अल्पवयीनांवर करू नयेत आणि प्रौढांवर करायचे तर संभाव्य दुष्परिणाम समजावून सांगून त्यांची निःसंदिग्ध संमती घ्यावी. पुढे १९३० साली ल्यूबेक शहरात क्षयाची दूषित लस दिल्याने सत्तरहून अधिक बालके दगावली. त्यानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १९३१ मध्ये, जर्मनीने मानवी प्रयोगांबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली ती त्या काळी जगात कुठेही नव्हती इतकी काटेकोर होती. दोनच वर्षांनी तिथे हिटलरची सत्ता आली. छळछावण्यांतील प्रयोग हे ज्या देशात अशी तत्त्वे लिहिलेलीच नव्हती अशा देशात झालेले नाहीत. ती तत्त्वे असलेल्या देशात झाले.

हे कसे घडले याचे उत्तर मला असे दिसते. नियमात लिहिले होते की माणसाला विचारावे. पण कोणाला माणूस म्हणून मोजायचे हे ठरवण्याची सत्ता ज्यांच्याकडे गेली त्यांनी ज्यू, रोमा, मनोरुग्ण, युद्धकैदी यांना त्या मोजणीतूनच वगळले, आणि हरकत घेऊ शकेल अशी स्वतंत्र यंत्रणा शिल्लक ठेवली नाही. डिसेंबर १९४६ ते ऑगस्ट १९४७ या काळात चाललेल्या डॉक्टरांच्या खटल्यात २३ आरोपी होते. १६ जण दोषी ठरले आणि ७ जणांना फाशी झाली. बचावाच्या वकिलांचा एक युक्तिवाद तुमच्या प्रश्नासारखाच होता : मानवी प्रयोगांचे सर्वमान्य नियम कुठे आहेत, अमेरिकेतही कैद्यांवर मलेरियाचे प्रयोग झालेच ना? नीती म्हणजे केवळ काळाची आणि देशाची रीत, हे मान्य केले तर या युक्तिवादाला उत्तर उरत नाही. न्यायाधीशांनी तो मान्य केला नाही, आणि निकालातील दहा कलमांपैकी पहिल्यातच लिहिले की प्रयोगाला सामोरे जाणाऱ्या व्यक्तीची स्वेच्छेची संमती अनिवार्य आहे.

हे लिहिणारे न्यायाधीश अमेरिकेचे होते, आणि त्याच देशात तेव्हा दुसरा प्रयोग चालू होता. अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात १९३२ पासून सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष सरकारी आरोग्यखात्याच्या निरीक्षणाखाली होते. त्यांतील ३९९ जणांना उपदंश होता आणि त्यांना तो आजार आहे हे नीट सांगितलेच नव्हते. १९४७ च्या सुमारास पेनिसिलीन हा या आजारावरचा प्रस्थापित उपचार झाला होता, तरी तो त्यांना दिला गेला नाही. खात्यातील पीटर बक्स्टन या कर्मचाऱ्याने वर्षानुवर्षे हरकत घेतली, आणि १९७२ साली बातमी छापून आली तेव्हा तो प्रयोग थांबला. इथे मात्र ‘त्या काळी तसेच होते’ हे म्हणणे मी स्वीकारत नाही. उपचार उपलब्ध होता, न्यूरेंबर्गचा निकाल जगजाहीर होता, आणि खात्याच्या आतूनच कोणी तरी चूक दाखवत होते. शिकागोच्या डॉक्टरांना जी सवलत मी वर दिली ती यांना देता येत नाही.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० साली या विषयावर पहिले धोरण जाहीर केले. पुढे २०००, २००६ आणि २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. पण कागद आणि व्यवहार यांतील अंतर इथेही दिसले. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा जो प्रकल्प झाला, त्यात अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे उघड झाले आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. त्या काळात झालेले मुलींचे मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही, हे न्याय्यपणे नोंदवले पाहिजे. ती लस उपयुक्त आहे, असे माझे स्वतःचे मत आहे. तरीही संमती चुकीच्या माणसाकडून घेतली होती, हा दोष त्यामुळे कमी होत नाही.

तुमच्या संमतिपत्रासंबंधी सर्वांत उपयोगी ठरेल तो सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २००८ मधील समीरा कोहली खटल्याचा निकाल. एक प्रौढ, अविवाहित स्त्री केवळ दुर्बिणीतून तपासणी करण्यासाठी भुलेखाली होती. आत आढळलेल्या स्थितीवरून डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. न्यायालयाने म्हटले की रुग्ण सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आले असते. म्हणून आईची संमती ग्राह्य नाही. डॉक्टरांचा वैद्यकीय निर्णय चूक होता असा त्या निकालाचा आधार नाही, हे विशेष लक्षात घ्या. तेव्हा संमतिपत्रावर सही त्या स्त्रीचीच हवी. ती निरक्षर असेल तर तिचा अंगठा आणि सोबत निःपक्ष साक्षीदाराची सही. माहितीपत्रक मराठीत, आणि तिची भाषा हिंदी असेल तर हिंदीत, असे असावे की तिला ते वाचून दाखवता येईल. आणि ती वाचून दाखवण्याची वेळ सासू शेजारी बसलेली असताना नसावी. पतीला माहिती द्यायला हरकत नाही, मात्र तिची इच्छा असेल तरच. समितीवर वैद्यकाबाहेरील सदस्य, कायद्याचे जाणकार आणि किमान एक स्त्री सदस्य असावी, तसेच अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा, असे नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांविषयीचे २०१९ चे नियम सांगतात; हरकत घेणारे कोणी तरी खोलीत बसलेले असावे, याचसाठी ते आहेत. तुमचा आराखडा परत आला, याचा अर्थ ही यंत्रणा काम करते आहे.

माझ्या गावातच हा बदल किती खोल जाऊ शकतो याचे उदाहरण आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले, आणि पुढे ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य मुंबईच्या बोलण्यात चिडवण्यासाठी रूढ झाले. त्या वाक्यात पाठवणारा आहे, जाणाऱ्याचे मत कुठेच नाही, आणि १९१२ च्या कायद्याचीही मुख्य वाट तीच होती : नातेवाइकांचा अर्ज, वैद्यकीय दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम. माणसाला मानसिक आजार आहे म्हणजे त्याला स्वतःचे बरेवाईट कळत नाही, हे गृहीत धरलेले होते. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतील एर्वाडी येथे साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, तेव्हा देशाला या गृहीताकडे पाहावे लागले. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याने हे गृहीत उलटे केले. मानसिक आजार आहे एवढ्यावरून निर्णयक्षमता नाही असे आता धरता येत नाही. आजारी पडल्यास आपल्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो, आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमू शकतो. साखळीने बांधणे आणि भूल न देता विजेचे झटके देणे यांवर बंदी आहे. स्वेच्छेशिवाय दाखल करण्याची तरतूद उरली आहे, पण ती मर्यादित मुदतीची आणि पुनर्विलोकनाच्या अधीन आहे. प्रत्यक्षात या अग्रिम सूचना फार थोडे लोक लिहितात, बऱ्याच डॉक्टरांनाही त्या माहीत नसतात, आणि घरी गंभीर रुग्ण सांभाळणाऱ्या कुटुंबांवर हा कायदा ओझे टाकतो, ही तक्रार मला खरी वाटते. तरीही मी एक गोष्ट ठामपणे सांगतो : बरा होऊन घरी गेलेला एकही रुग्ण मला असा भेटलेला नाही, ज्याने पुढच्या वेळी आपल्याला विचारू नये असे म्हटले. नीतीतील बदल आणि रीतीतील बदल यांतला भेद मी या कसोटीवर करतो. ज्यांच्यावर नियमाचा भार पडतो त्यांना कारणे समजावून सांगितल्यावर ते त्याला होकार देतात का, हे विचारता येते, आणि जुन्या पद्धती या प्रश्नाला टिकत नाहीत.

आजचे नियमही पुढे अपुरे ठरतील, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे, आणि कुठे ते आताच दिसू लागले आहे. रुग्णालयातील जुने केसपेपर, क्ष-किरण चित्रे आणि काचपट्ट्यांवरचे नमुने आज संगणकीय निदानप्रणालींना शिकवण्यासाठी मागितले जातात. ज्यांचे ते आहेत त्यांनी उपचारासाठी सही केली होती, या कामासाठी नाही. त्यांतील बरेच जण आता हयात नाहीत किंवा त्यांचा पत्ता लागत नाही. वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, आणि विशिष्ट अटींवर संमती माफ करण्याचा अधिकार समितीला आहे. आमच्या बैठकीत असा प्रस्ताव आला की मी चार गोष्टी विचारतो : नाव आणि ओळख काढून टाकण्याचे काम रुग्णालयाच्या आत होणार की बाहेर, माहिती कंपनीकडे किती काळ राहणार, त्यातून तयार झालेली प्रणाली ज्या सरकारी रुग्णालयांतील रुग्णांच्या माहितीवर उभी राहिली तिथे वापरायला मिळणार का, आणि यापुढे दाखल होणाऱ्या रुग्णांच्या संमतिपत्रात या वापराची वेगळी ओळ घालणार का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा तयार असतात. तिसऱ्या आणि चौथ्यासाठी प्रस्ताव आम्ही परत पाठवतो.